अंजनाला बघायला आले तेव्हा

एकोणीसशे सेहेचाळीसचा चैत्र. रहिमतपूरजवळच्या एका वाडीत अंजना माजघराच्या दाराआड उभी होती. बाहेर सोप्यात म्हसवडचे पाहुणे बसले होते आणि तिला चालून दाखवायचे होते. लहानपणी गाडीवरून पडल्यापासून तिचा डावा पाय चार बोटे आखूड होता. दोन स्थळे या चालण्यापाशीच परत गेली होती.

म्हणून तिचा भाऊ जोतीराम याने युक्ती काढली होती. तो आणि त्याचे वाडीतले दोस्त गुंडा आणि बिराप्पा नुकतेच पलटणीतून परतले होते. इटलीत शेजारच्या तळावर आयरिश सोल्जर असत. त्यांच्याकडून तिघे त्यांची नाचाची गाणी शिकून आले होते. जोतीराम पत्र्याची बासरी वाजवी, बिराप्पा हलगी, आणि गुंडा अर्थ न कळता आयरिश गाणी खड्या आवाजात म्हणे. एका गाण्याचा ताल असा होता, की एक ठोका लांब पडे, एक आखूड. जोतीरामाने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हाच त्याला बहिणीची चाल आठवली होती.

पाहुणे गाडी थेट सोप्याला लावून उतरले होते. नवरामुलगा नाथाजी, तोही फौजेतला. भर चैत्रात त्याच्या पायात लोकरीचे मोजे होते. पाय धुवायचे पाणीसुद्धा त्याने नको म्हटले. अंजनाची आई बनुबाई आत येऊन कौतुकाने म्हणाली, "लय ऐटीचा हाय गं!"

"पोरीला जरा चालवून दावा," नाथाजीचे मामा हंबीरराव म्हणाले.

"दावतो की," जोतीराम म्हणाला. "पर आमच्यात पोरगी बाजावर चालती. रीत हाय."

"असली रीत कवापास्नं?"

"लढाईपास्नं, मामा."

हलगी कडाडली. अंजना दारातून निघाली. लांब ठोक्याला उजवा पाय, आखूड ठोक्याला डावा. तुळशीपर्यंत गेली, वळली. गुंडाने तान मारली. शेजारणी भिंतीवरून म्हणाल्या, "काय ठसक्यात चालती, बया!" हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. सोयरीक जमल्यातच जमा होती.

अंजनाने वर पाहिले. नाथाजी हसत होता. मांडीवर बोटांनी तोच ताल धरत होता. तिला बघायला आलेले कुणी इतक्या मोकळेपणाने कधी हसले नव्हते. आणि तिच्या मनात आले, उद्या म्हसवडला पाणी आणायला जाताना हलगी कोण वाजवणार?

"दादा, बाजा थांबव."

जोतीरामाने डोळे मोठे केले, पण बासरी सोडली नाही.

"थांबव म्हणते ना!"

बाजा थांबला. अंजना त्या शांततेत सोप्याच्या कडेपर्यंत चालत गेली. खुरडत, जशी रोज चालायची तशी. बनुबाईने पदर तोंडाला लावला. हंबीररावांनी डोक्याचा पटका काढला आणि पुन्हा घातला.

तेवढ्यात नाथाजी बोलला, "बाजा बंद ठेवू नगा, पावणं. अजून मला उठायचंय."

"नाथा, गप बस की रं," मामा पुटपुटले.

पण नाथाजीने मोजा काढलाच. इटलीतल्या सुरुंगाने त्याचे अर्धे उजवे पाऊल नेले होते. "वाजवा गड्या," तो म्हणाला, आणि खांब धरून उठला. पहिली हसली ती अंजना. मग हलगी सुरू झाली ती थांबेना.

पुढे गुंडा सांगलीच्या गिरणीत लागला, आणि कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात तीच गाणी म्हणत राहिला. बिराप्पा मेंढरांमागे गेला. जोतीरामाची बासरी कऱ्हाडच्या बाजारात हरवली. त्याने दुसरी कधी घेतली नाही. हंबीरराव मात्र त्यानंतर कुठल्याही सोयरिकीला गेले, की आधी मुलाचे मोजे काढायला लावत. अंजना आणि नाथाजीने म्हसवडला एकावन्न वर्षे संसार केला.

त्यांची वरात पायीच निघाली होती, त्याच बाजावर. वेशीपासून सिद्धनाथाच्या देवळापर्यंत नवरानवरीचे एकही पाऊल चुकले नाही. बेताल चालले ते फक्त दोन्ही पाय धड असलेले.