मॅनेजरचं कपाट

ठेवी अडकल्या म्हणून गल्लीतली माणसं बुडालेल्या बँकेच्या नावाने बोटं मोडत होती, पण चष्मेवाल्याला आकाश ठेंगणं झालं होतं. घर गहाण टाकून काढलेलं कर्ज आता मागणार कोण? बँकेचं सामान लिलावात निघालं, तेव्हा मॅनेजरच्या केबिनमधलं लोखंडी कपाट त्याने मिशीवर ताव देत विकत घेतलं. याच केबिनबाहेर त्याला तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं.

घरी आणून उघडलं, तर खालच्या कप्प्यात त्याच्याच नावाची जाडजूड फाइल!

"अहो, आत काय आहे ते वाचा तरी," बायको म्हणाली.

"दिवसभर गिऱ्हाइकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो, तेवढं पुरे," म्हणत त्याने गच्चीवर नेऊन फाइल पेटवली आणि राख होईपर्यंत मजेत हात शेकत बसला.

आठवड्याभरात नव्या बँकेचं पत्र आलं. हे मात्र त्याने चष्मा लावून वाचलं.



"आपलं कर्ज आम्ही विकत घेतलं असून ते आमच्या कॉम्प्युटरवर सुरक्षित आहे. आपल्या घराची मूळ कागदपत्रं तेवढी जुन्या फाइलमध्ये राहिली आहेत. कुठे सापडल्यास कृपया जपून ठेवावीत."