शेवटचा बोर्ड

"डोकं लाव," आर्वो म्हणाला. "सगळा भार हातांवर घेऊ नकोस. डोक्यानं रेट."

ट्रिनानं उलट्या बादलीवर उभं राहून जिप्समच्या बोर्डाला डोकं टेकवलं. तळघराच्या छताचा हा शेवटचा बोर्ड, माणसाच्या दुप्पट लांब आणि नको इतका जड. एक टोक आर्वोनं लाकडी टेकूवर चढवलं होतं, दुसऱ्या टोकाशी तो स्वतः घडीच्या शिडीवर उभा होता. असल्या कामाला चार माणसं लागतात. शेजाऱ्यांना बोलवायचं, बियर आणायची, दुपारपर्यंत छत तयार, ही इथली रीत. पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की आर्वोची जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून आज हाताशी होती ती एकटी त्याची मुलगी, आणि तीही मदतीला आलेली नव्हती.

ती वारलेल्या आईचा माग न्यायला आली होती. आई ज्यावर चिंध्यांचे गालिचे विणायची तो लाकडी माग बोर्डाच्या बरोबर खाली चादर पांघरून उभा होता. शेजारचा डेल तळ्यावरून मासे धरून परतला की तिघांनी माग सुटा करून ट्रकवर चढवायचा, असं ठरलं होतं. माग गेला की ट्रिनाला या घरी यायला काही कारण उरणार नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हती.

"आधी माग हलवायला हवा होता," ती म्हणाली.

"डेल येईपर्यंत काय हातावर हात ठेवून बसायचं? स्क्रू दे. पिशवीत आहेत."

त्याच्या कमरेची पिशवी तिच्या खांद्याशी लोंबत होती. तिनं एका हातानं बोर्ड पेलत दुसरा पिशवीत घातला. चाचपडण्यात जरा वेळ गेला. मग तिनं मूठभर स्क्रू काढून त्याच्या तळव्यावर ठेवले.

"ड्रिल मशीनची बॅटरी पुरेल ना?"

"पुरेल."

दोन स्क्रू बसले. तिसरा अर्ध्यावर असताना मशीन कण्हलं आणि थांबलं.

"दुसरी कुठंय?"

"वर. चार्जरला लावलीय."

ट्रिनानं बोर्डाखालचे तळवे नीट केले. "मी सोडलं तर?"

"दोन स्क्रूंवर राहतोय होय हा? फाटून खाली येईल. मागावरच."

"आणि फोन?"

"तुझा कोटात, माझा स्वयंपाकघरात. डेल येईलच."

कोपऱ्यातला रेडिओ हवामान सांगत होता. सरोवरावरचा वारा वाढत होता, मोठा पूल कुठल्याही क्षणी बंद होईल. ट्रिनाचं घर पुलापलीकडे होतं. तिनं घड्याळाकडे पाहायला मान वळवली, तसा बोर्ड कुरकुरला.

आर्वोचे दंड थरथरू लागले होते. वसंतात त्याच्या छातीची शस्त्रक्रिया झाली होती. ट्रिनानं पायानं बादली सरकवत त्याच्या बाजूचा भार आपल्या डोक्यावर घेतला.

"छातीत दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा, बाबा."

"खांदा दुखतोय. छाती बरी आहे." मग त्यानं विचारलं, "वॉर्ड कसा आहे?"

जावयाचं नाव त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. खाणीतल्या संपात वॉर्डचा बाप कामावर गेला होता, आणि आर्वोनं घरातलं फर्निचर विकून संपाचे दिवस काढले होते. म्हणून तो मुलीच्या लग्नातही दिसला नव्हता.

"बरा आहे," ती म्हणाली. "संप त्याच्या बापानं फोडला. तो तेव्हा पाळण्यात होता."

"ठाऊक आहे."

"मग आला का नाहीत?"

"आलो होतो."

"कुठे?"

"लग्नाला. चर्चच्या मागं गाडीत बसलो होतो." तो बोर्डाकडे बघत बोलत होता. "आईचा झगा घातला होतास. बाही लांब होत होती. सारखी वर सारत होतीस."

ट्रिनाला संताप आला आणि त्याच दमात रडूही आलं. इतकी वर्षं तिनं या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

"आत यायला काय झालं होतं?"

"पाय उचलेनात. मग सांगायला उशीर झाला. मग उशिराचीच लाज वाटायला लागली."

"नाक गळतंय माझं. पुसताही येत नाही."

"माझ्या बाहीला पूस."

तिनं पुसलं. रेडिओवर बाईनं सांगितलं की पूल सकाळपर्यंत बंद.

"गेला पूल," आर्वो हळूच म्हणाला.

"ऐकलं मी."

दार वाजलं तेव्हा दोघांच्याही माना आखडल्या होत्या. डेल जिना उतरला आणि पायरीवरच थबकला. "छताला डोकं लावून कसली प्रार्थना चाललीय म्हणायची?"

"बोलू नकोस, धर," आर्वो गुरकावला.

डेलनं दुसरा टेकू आणून खाली ठोकला. आर्वो शिडीवरून उतरला. त्याचे हात दोन्ही बाजूंना लुळे लोंबत होते.

"बॅटरी संपलीय. वर जाऊन आणतो," तो म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

"थांब, म्हाताऱ्या. पिशवीत हे काय फुगलंय?" डेलनं त्यात हात घालून बॅटरी बाहेर काढली आणि बटण दाबलं. सगळे हिरवे दिवे लागले. "ही तर भरलेली आहे की."

आर्वोचे कान लाल झाले.

"पोरी," तो म्हणाला, "ऐकून घे. मी मुद्दामच..."

"मघाशी स्क्रू काढताना लागली होती हाताला," ट्रिना म्हणाली. "चार्जरची ऊब होती तिला अजून."