गोबरी

"हसा बघू," डॉक्टर म्हणाले.

ती हसली. गाल वर चढले, डोळे बारीक झाले. घरात तिला सगळे गोबरी म्हणत, ते काही उगाच नव्हे.

"अहो, असे गाल मिळावेत म्हणून लोक माझ्याकडे येतात. तुम्ही काढायला कुठे निघालात?"

"मला नकोत."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. तोंडाच्या आतून छेद घ्यायचा आणि गालातली चरबीची गादी बाहेर काढायची. ऐकायला सोपं. पण तिथूनच चेहऱ्याची नस जाते, लाळेची नळी जाते. नस दुखावली तर ओठ एका बाजूने लुळा पडतो. शिवाय काढलेली चरबी काही परत येत नाही.

"आज छान दिसाल. पण वय उतरणीला लागलं की गाल खोल जातील, आजाऱ्यासारखे."

"चालेल."

"काय चालेल? मी काय केस कापायचं सांगतोय का?"

तिने पर्समधून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. उभट चेहरा, मधोमध भांग, आत बसलेले गाल. "असं दिसायला हवं."

"नटी आहे का कोणी?"

"नाही. ओळखीतली."

"दुसऱ्याच्या चेहऱ्यापायी स्वतःवर सुरी चालवून घेऊ नये, बाई. कोणी काही बोललं का? लग्नाबिग्नाचं आहे का?"

"मी चष्म्याच्या दुकानात काम करते, डॉक्टर. दिवसभर लोकांच्या चेहऱ्यांवर फ्रेम बसवते. आमचं दोघींचं कपाळ सारखं, नाक सारखं, हनुवटीसुद्धा. अडतंय ते गालांशीच." तिने फोटो पुढे सरकवला. "तुम्ही नाही म्हणालात तर दुसरीकडे जाईन. जिथे एवढं कोणी समजावत बसत नाही तिथे."

त्यापुढे डॉक्टरांचं काही चाललं नाही.

घरी तिने सांगितलं, कामासाठी परगावी जातेय. आईजवळ मावशी राहिली. ऑपरेशनला ती जागीच होती. दुखलं नाही, पण गालाच्या आतून कोणीतरी काहीतरी ओढून घेतंय हे कळत होतं. नंतर मैत्रिणीच्या मागच्या खोलीत ती पडून राहिली. सुजलेल्या तोंडात चमच्याने पेज घालायची आणि आरसा पालथा ठेवायची.

सूज उतरली तेव्हा गाल गेले होते. डावीकडचा ओठ मात्र उचलला जात नव्हता.

"नसेला धक्का बसलाय," डॉक्टर म्हणाले. त्यांचाच चेहरा पडला होता. "येईल ताकद हळूहळू. कदाचित."

"असू दे. हसायचं फारसं काम पडत नाही."

मधोमध भांग पाडून ती घरी गेली. दार उघडताच मावशी दोन पावलं मागे सरली. "थोरले!" तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिने नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, काय करून घेतलंस हे? बहिणीसारखं दिसायचं म्हणून?"

"आई जेवली?"

"कुठली जेवतेय! अंथरुणाला खिळलीय, पण थोरली आल्याशिवाय घास घेणार नाही म्हणते. थोरली गेली, असं सांगितलं की अंगावर येते. म्हणते, थोरली कशी जाईल? तिचं डोकं असं झालेलं, त्यात तू..."

ती ताट घेऊन आत गेली. पलंगावर आई चिमणीएवढी उरली होती. चाहूल लागताच तिने मान वळवली. मिचमिचे डोळे एकदम उजळले.

"आलीस? माझी थोरली आलीस?"

"आले, आई."

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग आपणहून तोंड उघडलं. घासामागून घास जात राहिला. दाराआड मावशी पदराने डोळे पुसत होती. गोबरीला हसावंसं वाटलं. ओठ अर्धाच उचलला गेला, तरी ती हसली.

शेवटचा घास आईने घेतला नाही. तिने गोबरीचं मनगट घट्ट धरलं. कपाळावर आठ्या पडल्या, मनात कसली तरी जुळवाजुळव चालली असावी. हळूहळू चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं.

"मग त्या दिवशी खांद्यावरून नेली," आई म्हणाली, "ती माझी गोबरी होती होय?"