चाळीस गाद्या

सुताराने दिवाणखान्याच्या दाराला तिसऱ्यांदा टेप लावली.

"दोन्हीकडून वीतवीतभर भिंत तोडावी लागेल," तो म्हणाला.

"तोड मग," सेरवा म्हणाली.

कोनादू व्हरांड्यात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. चाळीस वर्षं या दारातून कपाटं, पलंग, नवऱ्याची भलीमोठी खुर्ची, सगळं सुखरूप आत आलं होतं.

"आता काय यायचं राहिलंय त्यातून?" तिने विचारलं.

"पाहुणे, आई."

"इतके लठ्ठ?"

सुतार हसला. सेरवा हसली नाही. तिने आईच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि गोळी पुढे केली. "ही घे आणि पड जरा. रक्त कमी आहे, डॉक्टरने काय सांगितलंय?"

"मला कुठे काय सांगितलं? तुलाच आत बोलावून सांगितलं."

"तेच सांगतेय ना मी."

छप्पर गळतंय म्हणून कोनादू नऊ वर्षं तिन्ही मुलांच्या मागे लागली होती. आता चार दिवसांत नवे पत्रे चढले. मागच्या अंगणात दोन नवे संडास झाले. कुमासीहून ट्रकने चाळीस गाद्या आल्या आणि नवऱ्याच्या खोलीत छतापर्यंत रचल्या गेल्या. कोनादूने जन्मभर शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे तिने लगेच वही काढून कोण कुठे झोपेल ते लिहायला घेतलं. थोरला ओपोंग हॅम्बुर्गहून येणार, त्याला आंब्याकडची खोली. अंत्वी अक्राहून येणार, त्याला त्याची जुनी खाट. पुढची पानं मात्र रिकामीच राहिली.

"बाकीचे कोण?" तिने विचारलं.

"ओपोंगची माणसं. माझी काही. चर्चमधली."

"आणि येणार कधी?"

"तारीख अजून ठरायची आहे," सेरवा म्हणाली आणि रंगाऱ्याकडे निघून गेली.

रंगारी इसाका फाटकापाशी अडला होता. खांबावर नवऱ्याच्या मरणाचं पत्रक अजून चिकटून होतं. काळी-तांबडी चौकट, फोटो, वय, दफनाचा दिवस. नऊ वर्षांच्या उन्हाने चेहरा पार उडाला होता.

"याच्या कडेकडेने रंगवू का, ताई?"

"खरवडून टाक," सेरवा म्हणाली. "खांब मोकळा हवा."

 दुपारी शेजारीण फ्रेमा आली, तेव्हा कोनादूने तिला सगळं सांगितलं. फ्रेमाने कोलानटचा तुकडा दाढेखाली धरला आणि बोटं मोजली.

"पत्रे, रंग, संडास, रुंद दार. कोनादू, हे पाहुण्यांसाठी नाही. गिऱ्हाइकासाठी आहे."

"काहीतरीच बोलतेस."

"मग तो फोटोवाला कशाला आला होता परवा?"

"त्याने घराचे नाही काढले. माझाच काढला. लग्नातलं लुगडं नेसायला लावलं, आणि हसू नका म्हणाला."

"मग झालंच की. विक्रीच्या कागदांवर मालकिणीचाच फोटो लागतो. तुला तिकडे सेरवाच्या दुकानामागच्या खोलीत नेऊन टाकतील बघ. मागून म्हणू नकोस, फ्रेमा बोलली नव्हती."

कोनादूने जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. या घराची एकेक वीट तिने पगारातून आणली होती. मरायचं ते इथेच, एवढंच तिचं मागणं होतं.

संध्याकाळी ती सेरवासमोर जाऊन उभी राहिली.

"खरं सांग. घर विकताय?"

सेरवा पलंगपोसांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. "कोण म्हणालं? ती फ्रेमा?"

"कोणी का म्हणेना. विकताय?"

"नाही, आई." सेरवाचा आवाज एकदम चिरकला. "या घरातून तुला कुणी हलवणार नाही. तू आहेस तोवर तर नाहीच."

"शपथ घे."

"बाबांची शपथ. गावात आपल्या घराला कुणी नावं ठेवायला नकोत, एवढंच आहे. आणि यावेळी आम्ही तिघंही इथेच झोपू. बाबांच्या वेळेनंतर झोपलो नाही ना कधी?"

कोनादूने तिचा चेहरा नीट पाहिला. खोटं बोलणारी मुलं तिला जन्मभर ओळखता आली होती. ही खोटं बोलत नव्हती. बऱ्याच दिवसांनी तिने पोटभर फुफू खाल्लं आणि फ्रेमाला कसं झापायचं याचा विचार करत ती झोपली.

सकाळी सेरवा बाजाराला गेली होती. फाटकाशी मोटारसायकल थांबली. छापखान्याचा माणूस हेल्मेट काढत आत आला.

"सेरवाबाईंचा नमुना आहे. नावं तपासून घ्या म्हणावं. त्यांचा होकार आला की बाकीचे छापतो."

"निमंत्रणं ना? दे इकडे. तिचं शुद्धलेखन पहिल्यापासून कच्चं आहे. बस, पाणी आणते."

त्याने पाकीट पुढे केलं आणि मान वर केली. तिच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"नको, आजी. पाणी नको," तो म्हणाला. गाडी सुरू करताना त्याचा पाय दोनदा घसरला.

काय विचित्र माणूस, कोनादू मनाशी म्हणाली. चष्मा लावला, तांबडी पेन्सिल घेतली आणि नव्या रुंद दारातल्या उजेडात बसून कागद उलगडला.

चौकट काळी-तांबडी होती. मधोमध लग्नातलं लुगडं नेसलेली, न हसणारी बाई. कोनादू, निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. तिन्ही मुलांची नावं अचूक होती. खाली लिहिलं होतं, लांबून येणाऱ्यांच्या मुक्कामाची सोय घरीच केली आहे. तारखेची जागा तेवढी कोरी होती.