छिन्नीची फुली
साठ साली जंगलठेकेदारानं गफ्फार मिस्त्रीच्या वणीतल्या गॅरेजात दोन ब्रेकड्रम आणून ठेवले. “हा नवा माझ्या जीपले लाव. तो मजुराईच्या जीपले.” दुसराही काळ्या रंगानं चकाकत होता. गफ्फारनं दोन्ही दोरीला टांगून हातोडीनं हलकेच ठोकले. नवा घंटेसारखा खणखणला, दुसरा फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला. त्यानं रंग खरवडला. खाली छिन्नीची फुली निघाली. तडकलेला ड्रम भंगारात टाकताना गफ्फार स्वतःच अशी फुली मारत असे. “साहेब, हा तं मीच फेकलेला! भंगारातून उचलून रंग कायले फासला?” “चालते रे. झरीच्या जंगलापर्यंतच तं जाते. मजूरच बसते त्याच्यात.” गफ्फारचं डोकं सणकलं. “चालते ना? मंग हा तुमच्या जीपले लावतो, नवा मजुराईच्या.” फुलीवाला ड्रम त्यानं ठेकेदाराच्या चाकापाशी आपटला. ठेकेदारानं पहिल्यांदाच विचारलं, “अरे, उतारावर फुटला तं?”