आधी चहा, मग कागद

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा सुखानं दाढी करू देत नाहीत," ड्रायव्हर पुटपुटला. पुटपुटला म्हणजे मागच्या सीटवर नीट ऐकू जाईल एवढ्याच बेतानं.

मामांनी ऐकलं आणि सोडून दिलं. एरवी ते म्हणाले असते, दाढी करून तरी कोण बघणार आहे तुला. पण आज मांडीवर कंपनीचं बंद पाकीट होतं. पाकीट असलं की मामांना विनोद सुचत नसत.

मामा कंपनीचे कामगार-कल्याण अधिकारी. परदेशातून आणलेले सगळे कामगार त्यांना मामाच म्हणत, आणि मामा कुणाच्या खोलीत चहाला गेले की शेजारचे म्हणत, चला, याची बॅग भरायला घ्या. कंपनी होती त्या देशातला कायदा सरळ होता. ज्या कंपनीनं व्हिसा देऊन माणूस आणला, तिनंच त्याच्या दुखण्याखुपण्याचा खर्च करायचा. एकदा तो इस्पितळात दाखल झाला की कंपनीची सुटका नाही. मात्र दाखल होण्याआधीच त्यानं ‘मी स्वखुशीनं मायदेशी परत जात आहे’ या कागदावर सही केली, की कंपनी मोकळी. ती स्वखुशी गोळा करणं हे मामांचं काम. बारा वर्षांत एकानंही त्यांना नाही म्हटलं नव्हतं.

आज ज्याच्याकडे निघालो तो म्हणाला तर? सकाळपासून मामांच्या डोक्यात तेच होतं. ते स्वतःही असल्याच व्हिसावर आलेले, आणि त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज महिनाभर मॅनेजरच्या टेबलावर पडून होता.

मॅनेजरनं पाकीट दिलं तेही खिडकीबाहेर बघत. चौदा नंबरच्या खोलीत क्रेनवाला वाट बघतोय, म्हणाला, उद्या सकाळच्या आत सही हवी. मामांनी जास्त खोदलं नाही. गेल्या आठवड्यात क्रेनवाल्याला वर केबिनमध्येच घेरी आली होती. पट्ट्यांनी बांधून खाली उतरवावा लागला, तेव्हापासून कामावर नव्हता. कुणी म्हणे मूत्रपिंड गेलं, कुणी म्हणे डोक्यात काहीतरी आहे. कंपनीच्या दवाखान्यातली नर्स तर ताकास तूर लागू देईना. परवाच्या तपासणीत तिनं मामांच्या छातीचा फोटो दोनदा काढला होता, पहिला हलला म्हणे. असल्या बाईकडून काय कळणार?

कामगारांच्या कॅम्पपाशी ड्रायव्हरनं उतरून दार उघडलं. हे नवीनच. वर सोबत येऊ का, असंही त्यानं विचारलं. मी काय म्हातारा झालो का, म्हणत मामा एकटेच निघाले. दुसऱ्या जिन्यावर मात्र कठड्याला धरून थांबावं लागलं. या कॅम्पच्या पायऱ्या कुणा उंटानं बांधल्यात, असं त्यांनी मनात म्हणून घेतलं.

श्वास जागेवर येईतो त्यांनी सगळं मनात घोळवलं. आधी चहा, मग कागद. चहाबरोबर मुलाबाळांची चौकशी. पाकीट त्या माणसासमोरच फोडायचं, म्हणजे लपवाछपवी वाटत नाही. पेनाचं टोपण आपणच काढून ठेवायचं, बिचाऱ्याला तेवढेही कष्ट नकोत. घरच्या बाईला आधी फोन करून ठेवलेला बरा असतो, पण या वेळी घाईत तो राहिला होता. क्रेनवाल्याला दोन लहान मुली होत्या. त्या आठवल्या आणि मामांनी उरलेल्या पायऱ्या मुद्दाम हळू चढल्या.

क्रेनवाल्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. इस्पितळाची तयारी करून बसलाय पोरगा, मामांच्या मनात चर्र झालं. खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर त्यानं घडी घालून ब्लँकेट ठेवलं होतं. त्यावर मामांना बसवलं. चहाही तयार होता.

त्यानं मामांच्या मुलीची परीक्षा विचारली. मग मामींची तब्येत. माणसं वेळ काढायला काय काय विचारतात हे मामांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनीही ताणलं नाही. मामी आज सकाळी फोनवर ‘या आता परत’ म्हणाल्या, असं ते सांगून बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, फ्रिज बिघडला का? तर हसलीसुद्धा नाही.

क्रेनवालाही हसला नाही. कपात बघत म्हणाला, "घरच्या माणसांत औषध लवकर लागू पडतं, मामा."

मामांच्या छातीवरचा दगड उतरला. हे वाक्य त्यांना स्वतःला म्हणावं लागायचं, नेहमी जीभ जड व्हायची. पोरगा शहाणा निघाला. त्यांनी पाकीट पुढे केलं आणि तूच फोड म्हणाले.

त्यानं फोडलं. कागद टेबलावर सरळ केला. खिशातून पेन काढून टोपण काढलं आणि ते मामांच्या हाताशी ठेवलं.

"माझी सही साक्षीदाराची," मामा म्हणाले. "ती नंतर. आधी तू."

दारात ड्रायव्हर येऊन उभा होता, न बोलावता, मान खाली घालून. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग क्रेनवाल्याच्या शर्टाकडे. क्रेनवाला सांगत होता की आता त्याला क्रेनवर चढवत नाहीत, कालपासून ऑफिसात घेतलंय, आणि हे त्याचं पहिलंच काम आहे.

मामांनी विचारलं, ऑफिसात कुणाच्या टेबलावर?

त्यानं कागद हळूच मामांच्या बाजूला फिरवला.

"मला साधी घेरी आली होती, मामा," तो म्हणाला. "आजारी तुम्ही आहात."