विहीर क्रमांक सात

"थांबा. ते नाव काहून पुसलं?"

दिपालीचा हात कीबोर्डवरच थांबला. मागच्या खुर्चीत बसलेले कडुबा उठून थेट तिच्या खांद्यामागे येऊन उभे होते. बिडकीनहून ते गारखेड्यातल्या या डीटीपीच्या दुकानात आले होते, ते फक्त आपल्या विहिरीचा जुना फोटो नीट लागलाय का, एवढं बघायला. फोटो बघून झाला, चहाही झाला, तरी स्वारी हलायला तयार नव्हती. पुस्तक होतं कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका मॅडमचं, बिडकीनकडच्या जुन्या विहिरींवर.

"सांडू हे माझ्या बापाचं नाव हाये," कडुबा म्हणाले. "आत्ता हितं व्हतं. तुम्ही ते काढून व्ही सात केलं. मी बघितलं."

"काका, ते नुसतं लेबल आहे."

तिने समजावून सांगितलं. पुस्तकात 'अमुक विहीर पाहा' असं जिथे येतं, तिथला आकडा सॉफ्टवेअर स्वतः शोधून टाकतं. शोधायला प्रत्येक विहिरीला खुणेचं एक नाव लागतं. मॅडमनी ती नावं मराठीत, काना-मात्रांसकट टाइप केली होती. या सॉफ्टवेअरला लेबलात इंग्रजी अक्षरं आणि आकडेच चालतात. दुसरं काही दिसलं, की ते आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हं ठेवून मोकळं होतं. तिने एक पान उघडून ती प्रश्नचिन्हं दाखवलीसुद्धा.

कडुबांना पटलं नाही. तहसीलच्या खिडकीपुढे उभं राहून राहून माणसाचं जे होतं, ते त्यांचं झालं होतं.

"पाटलाचं दाखवा."

"कुणाचं?"

"पुंडलिक पाटलाची विहीर हाये ना पुस्तकात? त्याचं नाव बी काढलं, का नुसतं आमचंच?"

दिपालीला राग आला. मॅडमना संध्याकाळी फाईल हवी होती आणि हे गृहस्थ चौकशी लावून बसले होते. तरी तिने पान वर सरकवलं. पाटलांचं लेबल व्ही तीन झालं होतं, गोजरबाईंच्या विहिरीचं व्ही पाच. सगळ्यांना एकच न्याय.

कडुबा ओशाळून खुर्चीत बसले.

"राग नको मानू, पोरी. गावच्या आडावर आमाला चढू देत नव्हते, म्हून बापानं खोदली ती. बहात्तरच्या दुष्काळात तेच गाव हंडे घेऊन आमच्या वस्तीत आलं. मॅडम घरी आल्या तवा मी समदं सांगितलं त्यांना. औंदा बी पाऊस नाय, टँकर येतो, अन् विहीर बुजवून तिच्यावर प्लॉट पाडलेत. आता बापाचं नाव राहील तर या पुस्तकातच राहील. म्हून जीव टांगणीला लागतो."

दिपालीला आपल्या रागाची लाज वाटली. "थांबा काका, नवी पानं छापूनच देते. घरी दाखवा सगळ्यांना."

प्रिंटरमधून पानं आली. प्रश्नचिन्हं गेली होती, आकडे जागच्या जागी बसले होते. कडुबांनी ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. पाटलांच्या पानावर लिहिलं होतं, 'ही विहीर पुंडलिक पाटील यांच्या आजोबांनी बांधली.' मग आपलं पान आलं. 'विहीर क्रमांक सात. वस्तीलगतची. ही कोणी खोदली, याची माहिती मिळत नाही.'

"बापाचं नाव कुठंय?"

दिपालीने पान घेऊन वाचलं. मग मॅडमची मूळ फाईल उघडून तिच्यात 'सांडू' शोधलं. एकाच ठिकाणी सापडलं.

"काका, नाव फक्त लेबलात होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि लेबल कधी छापत नाहीत. कुठली विहीर कोणाची, हे लिहिणाऱ्याला आपलं कळावं म्हणून असतं ते."

कडुबांनी तिच्या हातून पान घेऊन त्याची नीट घडी घातली आणि ती खिशात न ठेवता टेबलावर ठेवली.

"म्हंजे मॅडमना नाव माहीत व्हतं," ते म्हणाले.